कथेचे घटक : दोन कथा आणि एक आठवण

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना 'कथेचे घटक कोणते?' असे विचारले, की उत्तर एका दमात येते : कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली. ही यादी त्यांना पाठ असते आणि परीक्षेत तिला गुणही मिळतात. परंतु त्याच विद्यार्थ्यांच्या हाती एखादी कथा देऊन 'या कथेचा निवेदक कोण?' असे विचारले, तर बहुतेक वह्यांत लेखकाचेच नाव सापडते. कथा दलित लेखकाची असेल तर उत्तर ठरलेलेच असते : लेखकाने आपल्या जीवनातील कटू अनुभव या कथेत सांगितला आहे. हे वाक्य सहानुभूतीचे आहे, तरीही ते कथेला न्याय देणारे नाही. आणि तसे लिहिण्यात केवळ विद्यार्थ्यांचाच दोष आहे असेही नाही.

आपल्या साहित्याविषयी बोलताना जाणती माणसेही 'दाहक वास्तव', 'जळजळीत अनुभव' एवढे म्हणून थांबतात. या स्तुतीत एक नकार दडलेला असतो. लेखकाने सोसले, हे मान्य केले जाते. त्याने निवडले, गाळले, रचले, शब्द पारखून घेतले, हे मान्य करायचे राहून जाते. एखादा तक्रार-अर्ज वाचून हळहळावे आणि फाइलमध्ये लावून टाकावा, तशी ती कथा वाचली जाते. कथेची परिभाषा आपल्या मुलामुलींनी नीट आत्मसात करावी असे मला वाटते, ते मुख्यतः यासाठी. मी इतिहासाचा शिक्षक आहे. साहित्यशास्त्र हा माझा अधिकाराचा प्रांत नव्हे. परंतु 'हे खरोखर घडले का?' आणि 'हे अशाच रीतीने का सांगितले?' हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाला पावलोपावली ध्यानात ठेवावे लागते. त्या सवयीच्या बळावर हे टिपण लिहीत आहे.

व्याख्यांची यादी देण्यापेक्षा तीन लेखनकृती शेजारी शेजारी ठेवून पाहू. तिन्हींत प्रसंग जवळजवळ एकच आहे : माणूस आपली जात किंवा ओळख लपवितो, ती उघडी पडते आणि त्याला हाकलले जाते.

पहिली आहे पालि जातकसंग्रहातील चित्तसंभूत जातक. संग्रहातील ५४७ जातकांत तिचा क्रमांक ४९८ आहे. अवंती देशातील उज्जयिनीत चित्त आणि संभूत हे दोन चांडाळ मावसभाऊ नगराच्या वेशीपाशी आपली कला दाखवीत असतात. उद्यानाकडे निघालेल्या दोन कुलीन कन्यांच्या दृष्टीस ते पडतात. हे चांडाळ आहेत असे कळताच त्या सुगंधी पाण्याने डोळे धुऊन माघारी फिरतात. उद्यानात मिळणारे खाणेपिणे हुकले म्हणून त्यांच्यामागून निघालेला जमाव या दोघांना बेदम मारतो. हे सारे जातीमुळे घडले, तेव्हा जातच लपवू, असे ठरवून दोघे ब्राह्मणकुमारांच्या वेषात तक्षशिलेला शिकायला जातात. तेथे त्यांचे बिंग कसे फुटते, ते पुढे पाहू.

दुसरी आहे बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. सुरतेजवळ उधना येथे रेल्वेत नोकरीला लागलेला एक तरुण राहायला जागा मिळावी म्हणून आपली जात सांगत नाही. त्याला मान मिळतो, स्नेह मिळतो. आणि जात कळताच ज्यांनी मान दिला त्यांचेच हात त्याच्यावर उठतात.

तिसरे लेखन म्हणजे कथा नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने छापल्या. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाल्यावर त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेले.

आता घटकांकडे वळू.

*कथानक.* घटनांची नुसती मालिका म्हणजे कथानक नव्हे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीवरील आपल्या व्याख्यानांत हा भेद स्पष्ट केला. एकामागून एक काय घडले, हे सांगितले की गोष्ट होते. एकामुळे दुसरे का घडले, हेही सांगितले की कथानक होते. जातकातील बिंग फुटण्याचा प्रसंग या कसोटीवर लावून पाहा. एका गावकऱ्याने आचार्यांना शिष्यांसह भोजनाचे आमंत्रण दिले. रात्री पाऊस पडून वाटेतील खळगे पाण्याने भरले. म्हणून आचार्य स्वतः गेले नाहीत, त्यांनी चित्ताला इतर शिष्यांबरोबर धाडले. यजमानांनी खीर निवायला ठेवली होती, पण ती निवण्याआधीच मंडळी पानावर बसली. संभूताने ती थंड समजून मोठा घास घेतला. तोंड पोळले. वेदनेच्या त्या क्षणी त्याला सोंगाचा विसर पडला आणि तो चांडाळांच्या बोलीत बोलून गेला. चित्तानेही भान हरपून त्याच बोलीत त्याला उत्तर दिले. इतर शिष्य एकमेकांकडे पाहू लागले : ही कोणती भाषा?

पाऊस, खळगे, न निवलेली खीर, भाजलेले तोंड आणि बोली. कड्या एकीत एक अडकत गेल्या आहेत. या साखळीत शत्रू नाही, चुगलखोर नाही, कोणी पाळत ठेवलेली नाही. ज्या ठिकाणी कथेतील ताण शिगेला पोहोचतो त्याला आपण *उत्कर्षबिंदू* म्हणतो. तो तलवारींच्या खणखणाटातच यावा लागतो असे नाही. येथे तो एका घासात आला आहे. तोंड भाजल्यावर माणूस शिकलेल्या भाषेत ओरडत नाही, एवढ्या एका निरीक्षणावर त्या अज्ञात कथाकाराने सारा प्रसंग उभा केला आहे.

*पात्र आणि व्यक्तिरेखा.* कथेत वावरणारे ते पात्र. त्या पात्राचा स्वभाव त्याच्या कृतींतून, निवडींतून, बोलण्यातून आपल्यापुढे उभा राहिला की ती व्यक्तिरेखा. चित्त आणि संभूत या दोघांकडून चूक एकच झाली, पण कारणे वेगळी आहेत. संभूताची जीभ वेदनेने घसरली. चित्ताला तर काहीच झालेले नव्हते. तो अभ्यासातही पुढे होता आणि आचार्यांनी विश्वासाने त्यालाच पुढे केले होते. भावाचे तोंड पोळलेले पाहिले आणि त्याला मदत करण्याच्या घाईत त्याचे भान सुटले. एकाचे बिंग दुःखाने फोडले, दुसऱ्याचे मायेने. कथाकाराने चित्ताला 'प्रेमळ' असे विशेषण लावलेले नाही. उत्तरपत्रिकेत 'चित्त हा प्रेमळ स्वभावाचा होता' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हा घास पुराव्यादाखल पुढे केला, तर मी त्याला पूर्ण गुण देईन. नुसते विशेषण लिहिले, तर देणार नाही.

बागुलांच्या कथेतील काशिनाथ सकपाळ हे पात्र असेच अभ्यासण्याजोगे आहे. तो निवेदकाच्याच समाजातला, पण जात न लपविणारा, त्याची किंमत मोजणारा आणि प्रसंगी अंगावर येणाऱ्यांना अंगावर घेणारा. एका पात्राचा रंग दुसऱ्या पात्राशेजारी ठेवल्याने उठून दिसतो. याला पात्रांतील *विरोध* म्हणतात. काशिनाथ कथेत नसता, तर निवेदकाचे मौन केवळ सोयीचे वाटले असते. काशिनाथ असल्यामुळे त्या मौनाचे ओझे होते.

*संघर्ष* हा घटक येथेच उलगडतो. माणूस आणि समाज यांच्यातील संघर्ष तर तिन्ही लेखनांत आहे आणि तो कोणालाही दिसतो. कथेला खोली येते ती आंतरिक संघर्षाने. सन्मान हवा आहे, परंतु तो आपल्या खऱ्या नावाने मिळत नाही. खोट्या ओळखीवर मिळालेला सन्मान हातात घेतला की तो टोचतो. बागुलांचा निवेदक या कात्रीत सापडलेला आहे.

*निवेदक आणि दृष्टिकोन.* माझ्या मते कथेतील सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्या वर्गांत सर्वांत दुर्लक्षित घटक हाच. गोष्ट लिहिणारा तो लेखक. गोष्टीच्या आत राहून ती सांगणारा तो निवेदक. जातकातील निवेदक तृतीय पुरुषी आहे. तो उज्जयिनीत असतो, तक्षशिलेतही असतो, दोघा भावांच्या मनातले त्याला कळते आणि जमावाच्या मनातलेही. अशा निवेदकाला *सर्वसाक्षी निवेदक* म्हणतात. बागुलांनी मात्र 'मी' निवडला. हा प्रथम पुरुषी निवेदक फक्त स्वतःचे पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले सांगू शकतो. भोवतीच्या माणसांच्या मनात काय चालले आहे ते त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक साध्या प्रश्नाला तो दचकतो, आणि त्याच्याबरोबर आपणही.

हा 'मी' म्हणजे बागूल आहेत काय? बागूल स्वतः काही काळ सुरतेकडे नोकरीला होते आणि तेथील अनुभवाचे पाणी या कथेत मुरले आहे, यात शंका नाही. परंतु अनुभव म्हणजे कथा नव्हे. कोणत्या क्षणापासून आरंभ करायचा, काशिनाथाला केव्हा आणायचे, मारहाणीनंतर निवेदकाच्या तोंडी काय घालायचे, हे निर्णय लेखकाचे आहेत, निवेदकाचे नाहीत. निवेदक भाबडा असू शकतो. लेखक त्या वेळी भाबडा नसतो. 'नव्या भारतात आता जात कोण विचारतो?' असा विश्वास बाळगणारा तरुण आणि त्या विश्वासाचे काय होणार हे ठाऊक असलेला लेखक यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतरातच ही कथा राहते. दोघांना एकच मानले की ते अंतर मिटते.

निवेदक ओळखण्याची एक उत्तम खूण शीर्षकातच आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा भूतकाळ पाहा. सारे घडून गेल्यानंतर निवेदक मागे वळून सांगत आहे. त्याने जात लपविली हे आपल्याला पहिल्या ओळीआधीच कळते. उत्सुकता उरते ती पुढचे काय, याची. आणि क्रियापद पाहा : लपविली नव्हे, चोरली. चोरी दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूची होते. मग माणसाची स्वतःची जात त्याने चोरली म्हणजे ती कोणाच्या मालकीची होती? आणि जिच्यापायी मार खावा लागतो अशी वस्तू कोणी चोरतो का? सांगितलेला अर्थ एक आणि सुचविलेला अर्थ त्याच्या उलट, अशा या प्रकाराला *उपरोध* म्हणतात. पाच शब्दांच्या शीर्षकात तो साधणारा लेखक केवळ 'अनुभव सांगणारा' कसा म्हणावा?

उपरोधाचाच एक प्रकार असा, की वाचकाला जे माहीत असते ते कथेतील माणसांना माहीत नसते. नाटकात हे वारंवार घडते, म्हणून त्याला *नाट्यात्म उपरोध* म्हणतात. खिरीची पाने मांडली जात असताना यजमान निर्धास्त आहेत. धास्ती फक्त आपल्याला आहे.

आता बडोद्याची आठवण घ्या. येथे लेखक आणि निवेदक एकच. आत्मकथनात लेखक वाचकाला जणू शब्द देतो, की सांगतो ते मी आहे आणि हे घडले आहे. म्हणून 'हे खरोखर घडले का?' हा प्रश्न येथे रास्त आहे आणि इतिहासाचा अभ्यासक तो इतर कागदपत्रांशी ताडून विचारू शकतो. कथेला तो प्रश्न लागू होत नाही. उधन्याच्या नोकरीत असा कोणी काशिनाथ सकपाळ होता का, हे शोधत बसणारा वाचक चुकीच्या कार्यालयात चौकशी करीत असतो. पण म्हणून आत्मकथनात कला नसते असेही नाही. धर्मशाळेचा निर्मनुष्य वरचा मजला, मोडक्या सामानाने भरलेला दालनाचा पसारा, कंदिलाचा अपुरा उजेड, एकट्याने पुस्तकात डोके घालून घालविलेल्या रात्री. बाबासाहेबांनी हे तपशील निवडून मांडले आहेत. अमेरिका आणि इंग्लंड पाहून आलेला विद्वान आणि ती अंधारी कोठडी यांतला विरोध त्यांनी शब्दाने उच्चारलेला नाही; तो तपशिलांनी उभा राहतो. याला *वातावरण* म्हणतात. स्थळ आणि काळ सांगितले म्हणजे वातावरण झाले असे नाही. त्या स्थळकाळाचा पात्राच्या मनावर पडलेला भार जाणवला पाहिजे. हाकलले गेल्यावर रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी बडोद्याच्या कामाठी बागेत झाडांखाली बसून काढले. सर्वांसाठी खुली असलेली बाग आणि ज्याला छप्पर नाही असा त्या संस्थानचा अधिकारी. हे घडलेले आहे. पण ते असे मांडणारा हात लेखकाचा आहे.

पालकांकडून अनेकदा विचारला जाणारा एक प्रश्न येथे घ्यायला हवा. बाबासाहेबांनी आत्मा आणि त्याचे एका देहातून दुसऱ्या देहात जाणे नाकारले. मग मागील जन्माच्या जातककथा मुलांना सांगाव्यात काय? कथेची परिभाषा या प्रश्नाला उपयोगी पडते. जातकाची रचना पाच भागांची असते. प्रथम वर्तमानातील प्रसंग येतो, त्याला 'पच्चुप्पन्नवत्थु' म्हणतात, मग भूतकाळची गोष्ट म्हणजे 'अतीतवत्थु', मग गाथा, गाथांचे विवरण म्हणजे 'वेय्याकरण', आणि शेवटी 'समोधान', ज्यात तेव्हाचे पात्र म्हणजे आताचा कोण, याचा मेळ घातला जातो. गोष्टीत गोष्ट बसविण्याच्या या पद्धतीला *चौकटकथा* म्हणतात आणि पंचतंत्रातही तीच आहे. अनेक बौद्ध देशांत या चौकटीकडे श्रद्धेने पाहिले जाते, हे खरे. आपल्या मुलांना मात्र 'हा मागील जन्म म्हणजे गोष्ट दूर नेऊन ठेवण्याची रचना आहे' असे निःसंकोच सांगावे. चौकट कळली की आतली गोष्ट मोकळेपणाने वाचता येते, आणि तिच्याशी वादही घालता येतो.

तसा वाद मला या जातकाशी घालायचा आहे, आणि त्यातूनच *आशय* म्हणजे काय ते कळेल. बिंग फुटल्यावर दोघे तपस्वी होतात. पुढे हरिण, पक्षी असे जन्म घेऊन शेवटी चित्त पुरोहितपुत्र आणि संभूत राजा म्हणून जन्मतो. पूर्वार्धात कथाकाराने जातीचा अन्याय इतक्या स्वच्छ नजरेने दाखविला, की आजही अंगावर काटा यावा; उत्तरार्धात त्याने त्याची सोडवणूक उच्च कुळातील जन्मावर सोपविली. म्हणजे दुःख जन्माने आले आणि उपायही जन्मानेच! कथेचा विषय एका शब्दात सांगता येतो : जात. आशय म्हणजे त्या विषयाबद्दल संपूर्ण कथा, विशेषतः तिचा शेवट, काय सुचविते ते. बागुलांच्या कथेत पुढचा जन्म नाही. तेथे मार खाऊन पडलेल्या माणसाला सोडवायला काशिनाथ येतो, आणि मारणारे हात कोणत्या जुन्या शास्त्राने चालविले, याची जाण निवेदकाला येते. साधारण दीड हजार वर्षांच्या अंतराने एकच प्रसंग दोन शेवट घेतो, आणि इतिहासाच्या शिक्षकाला त्या दोन शेवटांमधला काळ वाचता येतो. बडोद्याच्या आठवणीला तर कथेसारखा शेवटच नाही. गाडी मुंबईला निघते, एवढेच.

*संवाद* आणि *भाषाशैली* यांविषयी थोडक्यात. संवादाने कथा पुढे सरकली पाहिजे किंवा माणूस कळला पाहिजे. दोन्ही होत नसेल तर ती नुसती बडबड. भाषेबाबत चित्त-संभूतांची कथा अधिक बोलकी आहे. ज्या बोलीने त्यांना उघडे पाडले, ती त्यांची लाजेची वस्तू होती. आधुनिक मराठी कथेत आपल्या लेखक-लेखिकांनी तीच बोली पानावर मानाने आणली. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आणि उर्मिला पवार यांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह त्या दृष्टीने वाचावा. शुद्धलेखनाच्या वहीत 'अशुद्ध' म्हणून ज्या शब्दांखाली आम्ही शिक्षक तांबडी रेघ मारतो, ते शब्द कथेत कोणाच्या तोंडी आणि कोणत्या क्षणी येतात, हे आम्हीही एकदा पाहून घ्यायला हरकत नाही.

*प्रतीक* हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. कमळ दिसले की प्रतीक, दिवा दिसला की प्रतीक. कथेत एखादी वस्तू आधी खरीखुरी वस्तू असावी लागते. खीर ही प्रथम गरम खीर आहे. तोंड भाजते म्हणून ती लक्षात राहते. ज्या पंक्तीत बसण्यासाठी दोघांनी एवढे सोंग घेतले, त्या पंक्तीचे अन्नच त्यांना पोळते, हे नंतर सुचते. असे नंतर सुचते तेव्हाच ते प्रतीक.

वसतिगृहातील मुलामुलींसाठी एक काम सुचवितो. दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने जातकांचा मराठी अनुवाद केला आहे. त्यातील चित्तसंभूत जातक, बागुलांची कथा आणि बडोद्याची आठवण, ही तिन्ही एका आठवड्यात वाचावी. मग बडोद्याचा प्रसंग धर्मशाळेच्या त्या रखवालदाराला निवेदक करून एका पानात लिहावा, ज्याने चार पैशांच्या गरजेपोटी वहीत पारशी नाव टिपून घेतले. त्याला काय माहीत होते, काय माहीत नव्हते आणि काठ्या घेतलेली माणसे जिना चढू लागली तेव्हा तो कोठे उभा होता, हे ठरविल्याशिवाय पहिले वाक्यही लिहिता येणार नाही.